चार चिठ्ठ्यांचं अथेन्स

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर निळ्या वह्यांचे गठ्ठे येऊन बसतात. इथल्या कॉलेजांत परीक्षेची उत्तरं लिहायला अशा पातळ, फिक्या निळ्या कव्हरच्या वह्या देतात. मध्यंतरी त्या दिसेनाशा झाल्या होत्या, मुलं लॅपटॉपवर लिहायची. आता यंत्रंच उत्तरं लिहून द्यायला लागल्यामुळे पुन्हा हातानं लिहिणं आलं, आणि त्या हस्ताक्षरांशी माझी झटापटही आली. तीन गठ्ठे आहेत. पहिला संपत आला की दुसरा उंच झाल्यासारखा वाटतो. बाहेर अमेरिकेतल्या या ॲन आर्बरचा ठरलेला हिवाळा: रस्त्याकडेचा बर्फ राखेसारखा, आणि साडेचारलाच दिवे. डोळे चुरचुरतात, चहा निवतो, लाल पेन उघडंच राहतं आणि सुकतं.

प्रश्न माझाच आहे आणि दरवर्षी तोच आहे. प्राचीन ग्रीक जगातल्या कोणत्याही तीन शहरांच्या राज्यपद्धतींची तुलना करा. यांपैकी कोणत्या शहरात राहायला तुम्हाला आवडेल, ते कारणांसह सांगा. हे 'कारणांसह सांगा' मी आमच्या शाळेतल्या प्रश्नपत्रिकेतून उचलून आणलं आहे. तालुक्याच्या गावी पत्र्याच्या वर्गात, इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखं जोडलेलं नागरिकशास्त्र आम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या तासांना घाईघाईनं शिकलो. त्या वीस मार्कांच्या विषयावर पुढं माझं पोट भरेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आमचे गुरुजीसुद्धा हसले असते.

मुलं चांगली आहेत. स्पार्टात एकाच वेळी दोन राजे होते, ते लिहितात. तिथल्या वृद्धांच्या मंडळावर कुणाला घ्यायचं हे लोकांच्या आरोळीवर ठरायचं, ज्याच्या नावाला मोठी आरोळी तो निवडून आला, हे त्यांना फार आवडतं. कॉरिंथवर आधी एकाच घराण्यातले मोजके लोक राज्य करत होते, मग त्यांना हाकलून एकटाच माणूस बसला, हेही बरोबर येतं. एकानं यंदा लिहिलं आहे, 'स्पार्टात शिस्त चांगली होती, पण जेवण वाईट होतं.' त्याला मी अर्धा मार्क जास्त दिला. आणि शेवटी जवळजवळ सगळे राहायला अथेन्सला जातात. कारण काय, तर तिथे प्रत्येकाला मत होतं.

मी समासात लिहिते: प्रत्येकाला? बायकांना? गुलामांना? बाहेरून येऊन राहिलेल्यांना? हे चार प्रश्न इतक्या वेळा लिहावे लागतात की वडिलांच्या ग्रामपंचायतीत होता तसा एक रबरी शिक्का करून घ्यावा असं वाटतं.

बाहेरून येऊन राहिलेल्यांबद्दल लिहिताना हात जरा रेंगाळतो. अथेन्समध्ये असे पुष्कळ लोक होते. कुणी भांडी घडवायचे, कुणी ढाली बनवायचे, कुणी मुलांना शिकवायचे. शहर त्यांच्यावर चालायचं, पण सभेच्या दिवशी ते बाहेर. मी इथे अकरा वर्षं राहते, यांच्या मुलांना यांच्याच भाषेत लोकशाही शिकवते, दारापुढचा बर्फ वेळेत काढते. नोव्हेंबरात शेजारी कोटावर 'मी मत दिलं' असा छोटा स्टिकर लावून येतात तेव्हा मी त्यांचं मनापासून अभिनंदन करते. तक्रार नाही. या देशानं मला जे दिलं ते माझ्या सात पिढ्यांत कुणाला मिळालं नव्हतं. पण अमेरिकेत मी आजवर एकदाच मत दिलं आहे, एका स्वयंपाकघरात, बरोबर दहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात. ते मत अजून माझ्या अंगावरून उतरलेलं नाही.

यंदा ते जास्तच आठवतंय, कारण परवा त्या घरातल्या सुधीरदादांचा मेसेज आला. 'ग्रीकताई, मंगळवारी ॲन आर्बरला येतोय. आमच्या गाईडचा निवृत्तीचा कार्यक्रम आहे. दुपारी चहा ठेव.'

अथेन्समध्ये हद्दपारीची मुदत दहा वर्षांचीच असे.

*

माझे वडील, आप्पा, ग्रामपंचायतीत शिपाई होते. राज्यशास्त्राचा पहिला धडा मला त्यांनी दिला, आणि तो खुर्च्यांचा होता. कार्यालयात त्या मांडायचं काम त्यांचं. ते म्हणायचे, "वैशे, राज्य कुणाचं ते खुर्च्यांवरून कळतं. हातांची खुर्ची एकच मांडायला सांगितली, की समजायचं राजा आहे. पाच-सहा सांगितल्या, की चार मातब्बर मिळून बसणार. आणि सतरंजी घाल म्हणाले, की ग्रामसभा. सतरंजी झटकायला मात्र कुठल्याही राज्यात मीच." इथे पहिल्यांदा वर्गासमोर उभी राहिले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. मग मी हे खुर्च्यांचं सांगितलं, फळ्यावर खुर्च्या काढून. मुलं हसली, आणि त्यांना कळलं. त्या दिवशी आप्पांनी मला सात समुद्रांपलीकडं हात दिला.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या वॉर्डात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली. अशा वेळी आमच्याकडं ईश्वरचिठ्ठी काढतात. दोन नावं, दोन सारख्या घड्या, स्टीलचा डबा, आणि काढायला एखादं लहान मूल, कारण त्याला कुणाचं काही देणंघेणं नसतं. त्या सकाळी तिथे लहान मूल म्हणजे मीच होते. मी काढलेल्या चिठ्ठीनं एक माणूस सदस्य झाला. दुसरे होते देशी औषधं देणारे एक साधे गृहस्थ. माझ्या खोकल्याला त्यांनीच काढा दिला होता. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चालत गेले. मी घरी येऊन रडत बसले. आप्पा म्हणाले, "येडी का काय? काढणाऱ्या हाताला पाप नसतं. लिहिणाऱ्याला असतं."

पुढं कॉलेजात वाचलं की अथेन्सची बहुतेक पदं चिठ्ठी टाकूनच भरायचे. निवडून देणं त्यांना मोठ्या लोकांचं काम वाटे. त्यात पैसेवाला, बोलका, नावाजलेला माणूसच वर येतो. चिठ्ठीपुढं मात्र चांभार आणि सरदार सारखे. हे वाचताना मला तो स्टीलचा डबा दिसत होता. ग्रीस मला कधी परकं वाटलंच नाही, त्याचं कारण तो डबा.

*

सरकारी शिष्यवृत्तीवर मी इथे आले ती ऑगस्टमध्ये. विमानतळावर घ्यायला सुधीरदादा आले होते. ते सोलापूरचे, इंजिनिअरिंगच्या पीएचडीला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. ओळख कसली, तर विद्यार्थ्यांच्या ईमेल यादीवर मी 'राहायला जागा हवी आहे' असं लिहिलं होतं आणि त्यांच्या घरातली एक जागा रिकामी होती, एवढीच. माझ्या दोन बॅगांतली जड ती त्यांनी उचलली. मी थँक यू म्हटलं. गाडीचं दार उघडलं, थँक यू. पाणी दिलं, थँक यू. घर येईपर्यंत ते म्हणाले, "बाई, तू थँक यू म्हणायची थांबशील ना, तेव्हा या घरातली होशील."

घरात चौघं. दादा, नागपूरचा प्रसाद, कॉम्प्युटरवाला, पुण्याची केतकी, बायोलॉजीत, आणि मी. भाडेकरार दादांच्या नावावर होता आणि राज्यही त्यांचंच. फ्रिजवर त्यांच्या ठळक इंग्रजी अक्षरांतला तक्ता: कुणी कधी स्वयंपाक करायचा, कुणी भांडी, कुणी कचरा. मंगळवार, भांडी, सुधीर. शनिवार, भांडी, सुधीर. स्वतःकडं दोन दिवस घेतल्यामुळे कुणाला बोलता यायचं नाही. तांदूळ त्यांच्याच वाटीनं मोजायचा. बूट दाराच्या डावीकडं, उजवीकडं नाही. केतकी कुरकुरायची, "हा माणूस नवरा म्हणून कुणाच्या नशिबी येणारे कोण जाणे." प्रसाद म्हणायचा, "राजेसाहेब, मीठ टाकू का आता, का अर्ज करू?" दोघं त्यांना सरळ 'सुधीर' आणि 'तू' म्हणायची. माझ्याच्यानं ते कधी झालं नाही. मी सुधीरदादा आणि तुम्ही.

टेबलाभोवतीच्या चार खुर्च्या चार जातींच्या होत्या, कुणीकुणी घर सोडताना रस्त्याकडेला ठेवलेल्या. त्यांतली एक हातांची. ती दादांची. हे मी आप्पांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे तिकडंबी तसंच आहे," म्हणाले.

माझी खोली तळघरात. तिला खिडकी म्हणजे छताशी लागून हातभर काच, तिच्यातून लोकांचे बूट दिसायचे. बॉयलर रात्रंदिवस घुमायचा. मला ती खोली फार आवडायची. आयुष्यात पहिल्यांदा मला दार असलेली खोली मिळाली होती. भिंतीला टेकून मी ग्रीकांचं वाचायची, आणि थंडी कडक झाली तेव्हा दादांचा जुना कोट पांघरुणावर टाकून झोपायची.

*

दुसऱ्या वर्षीचा तो डिसेंबर. मला चाळीस मुलांच्या वह्या तपासायच्या होत्या आणि स्वतःच्या तीन परीक्षा होत्या. केतकीचा प्रयोग बिघडला होता, ती रोज लॅबमधून डोळे सुजवून यायची. प्रसाद दोन मुलाखतींत नापास झाला होता. दादांचा प्रबंध मे महिन्यात संपणार होता आणि सांता क्लाराची नोकरी वाट पाहत होती. तोवर त्यांना फक्त शांत टेबल हवं होतं. चौघंही इतके थकलो होतो की तक्त्यावरून भांडायलासुद्धा कुणाकडं जीव उरला नव्हता.

त्या आठवड्यात घरमालकिणीचं पत्र आलं. शहराचा तपासनीस येऊन गेला होता. तळघरातली खिडकी आग लागली तर माणूस बाहेर पडेल एवढी मोठी नाही, म्हणून तिथं कुणी झोपता कामा नये. एक जानेवारीपासून घरात तिघंच.

पत्र टेबलावर पडलं होतं. खरं तर उत्तर समोरच होतं. खोली माझी गेली होती, मग जायचं मीच. पण हिवाळ्याच्या मध्यात, वर्ष अर्धं झालेलं असताना, बसच्या रस्त्यावर दुसरी जागा मिळणं अवघड, आणि मला गाडी चालवता येत नव्हती. लांब गेले तर सकाळचा आठचा वर्ग गेला, वर्ग गेला तर टीएची, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली शिकवायची, जागा गेली, आणि शिष्यवृत्ती संपल्यानंतर त्या जागेवरच माझं इथलं राहणं उभं होतं. मी पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाले, "मी बघते कुठंतरी."

"थांब," दादा म्हणाले. "खोली कुणाची हा प्रश्न नाहीये. घर चौघांचं आहे."

"मग तू ठरव ना, लीज तुझी आहे," केतकी म्हणाली.

"मी नाही ठरवणार."

"वा रे राजेसाहेब," प्रसाद म्हणाला. "मीठ तुम्ही मोजाल आणि माणसं मोजायची वेळ आली की प्रजेला पुढं करून राहिले?"

दादा हसले नाहीत. उठून त्यांनी हातांची खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बस. तू एवढं वाचतेस. चौघांतून एकाला बाहेर जायचंय. काय करतात सांग."

दुपारचे साडेचार झाले होते, दिवा लावला होता, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. आणि मी, अंगात दादांचा कोट, दादांच्या खुर्चीत बसून, अगदी मनापासून शिकवू लागले. राजा ठरवू शकतो, पण तो नाही म्हणतोय. मोजक्यांनी ठरवायचं तर ज्यांच्या खोल्या वर आहेत ते तिघं मोजके, ते बरोबर नाही. अथेन्समध्ये दरवर्षी एका माणसाला शहराबाहेर घालवता यायचं. गुन्हा लागत नसे. फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर नाव कोरायचं आणि टाकायचं. ज्याचं नाव जास्त, त्यानं दहा दिवसांत निघायचं. घर-शेत त्याचंच राहायचं, अब्रूही जायची नाही, दहा वर्षांनी परत यायचं. आणि तिसरं म्हणजे चिठ्ठी. "आमच्या गावात ईश्वरचिठ्ठी काढतात. तीच काढू. कुणाला कुणाचं वाईट वाटणार नाही."

"ए, वेडी आहेस का?" केतकी म्हणाली. "माझी एक्सपेरिमेंट्स रात्री दोनला चेक करावी लागतात. ईश्वराला काय माहितीये? नाव लिहूया. सीक्रेट. नंतर कुणी कुणाला विचारायचं नाही, प्रॉमिस."

"स्वतःचंबी चालते का?" प्रसादनं विचारलं.

"कुणाचंही," दादा म्हणाले.

वहीच्या पाठीमागच्या कोऱ्या पानाचे चार तुकडे झाले. मी टेबलापासून वळून, ओट्यावर कागद धरून उभी राहिले. डोक्यात सगळं व्यवस्थित होतं. दादांकडं गाडी आहे. दादांचे पाचच महिने उरलेत. दादांना शहरात सगळे ओळखतात, कुठंही ठेवून घेतील. कारणांसह सांगा, तर माझ्याकडं तीन कारणं होती आणि तिन्ही बरोबर होती. मी नाव लिहिलं, चार घड्या घातल्या आणि चिठ्ठी साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकली.

प्रसादनं चिठ्ठ्या उघडल्या. "वैशाली," त्यानं वाचलं. मग, "सुधीर." मग, "वैशाली." चौथी उघडून तो क्षणभर थांबला, नको इतका थांबला, आणि म्हणाला, "सुधीर." ती चिठ्ठी त्यानं घडी करून इतरांत मिसळली.

दोन-दोन. मी तोंड उघडलं, ईश्वरचिठ्ठीचं पुन्हा म्हणणार होते. त्याआधीच दादा म्हणाले, "झालं. सम झालं की मोठ्यानं जायचं. सोलापूरचा कायदा." आणि कुकर बंद करायला उठले.

त्या संध्याकाळी भांडी माझ्याकडं होती. डाळीचं पातेलं घासताना मला ते आठवलं आणि हात जागीच थांबले. बाकी तिघं इंग्रजीतून लिहिणार, हे मला सुचायला हवं होतं. सगळी इंग्रजी शाळेतली. मी मराठीत लिहिलं होतं. तेही 'सुधीर' नाही. सवयीनं, न कळत, मी लिहिलं होतं 'सुधीरदादा'. माणसाला घराबाहेर काढताना मी त्याचा मान राखला होता, आणि त्या मानानंच खाली सही केली होती. घरात दादा म्हणणारी मी एकटी.

प्रसादनं 'दादा' गिळला होता. पण दादा त्याच्या शेजारीच बसले होते. त्यांनी पाहिलं का?

*

एकतीस डिसेंबरला दादा गेले, शहराच्या टोकाला एका मित्राच्या दिवाणखान्यात. पाच महिने त्यांनी सोफ्यावर झोपून आणि लायब्ररीत बसून प्रबंध लिहिला. गाडीत सामान भरताना म्हणाले, "खुर्ची राहू दे. तिथं जागा नाही." मी थँक यू म्हटलं. ते माझ्याकडं बघून हसले आणि डिकी लावली. मे महिन्यात सांता क्लाराला गेले, तिथून काही वर्षांनी शिकागोजवळ शॉमबर्गला. लग्न झालं, मुलगी झाली. दिवाळीला फोन, वाढदिवसाला मेसेज. प्रत्येक फोनवर मला वाटायचं, आता विचारतील. किंवा मीच सांगून टाकावं. मग त्यांची मुलगी रडायची किंवा माझी बस यायची.

मी स्वतःची समजूत एका हिशोबानं घातली होती. माझ्या नावाच्या दोन चिठ्ठ्यांतली एक प्रसादची असणार, त्याला घरात बदल नको होता. दुसरी दादांची, तळघर माझं, तेव्हा साहजिकच. आणि दादांच्या नावाची दुसरी केतकीची, त्या तक्त्याच्या रागातून. म्हणजे त्यांनी माझं नाव लिहिलं, मी त्यांचं. फिटलं. माणसं रागानं नव्हे, अडचणीनं एकमेकांची नावं लिहितात. या 'फिटलं'वर मी दहा वर्षं काढली. पदवी घेतली, नोकरी घेतली, तीनदा घर बदललं, आणि तिन्ही वेळा ती हातांची खुर्ची बरोबर नेली. तिच्यावर मी बसत नाही. निळ्या वह्या ठेवते.

अथेन्सबद्दल पुस्तकांत बरंच आहे. किती मतं लागत, कोण कोण गेलं. नाव कोरून घरी गेलेला माणूस त्या रात्री जेवला का, हे कुठंच नाही. राजाच्या राज्यात हात जोडले की काम भागतं. मोजक्यांच्या राज्यात हात पसरावा लागतो. स्पार्टात नुसतं ओरडायचं. गर्दीत आपला आवाज आपल्यालाही ओळखू येत नाही. एक लोकशाहीच अशी आहे की ती हातात तुकडा देते आणि म्हणते, लिही. वर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर चहा प्यायचा असतो. हे मी मुलांना शिकवत नाही. परीक्षेत विचारता येत नाही.

*

मंगळवारी दुपारी दादा आले. कानांवरचे केस पांढरे, हातात चकल्यांचा डबा, बायकोनं दिलेला. बूट काढून दाराच्या डावीकडं ठेवले. मी निळ्या वह्या उचलून खुर्ची रिकामी केली.

"अगं, ही अजून आहे?"

"तुमचीच आहे," मी म्हणाले. "घर-शेत ज्याचं त्याचंच राहतं."

ते बसले. गाईडच्या कार्यक्रमाचं बोलणं झालं, मुलीचं झालं. ती इंग्रजीतच बोलते, पण चिडली की मराठीत. मग टेबलावरची एक वही उघडून त्यांनी प्रश्न वाचला आणि हसले. "अजून तोच प्रश्न? काय म्हणतंय अथेन्स?"

बारा दिवस वह्या तपासून माझ्यात काही लपवण्याची ताकद उरली नव्हती. मी म्हणाले, "दादा, चिठ्ठी माझी होती. तुमच्या नावाची."

"माहितीये."

"पाहिली होती तुम्ही? 'दादा' लिहिलेलं?"

"दादा लिहिलं होतंस?" ते मोठ्यानं हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. "नाही गं. पाहायची काय गरज? चिठ्ठ्या होत्या चार. केतकीनं तुझं लिहिलं. मी निघालो तेव्हा रडत रडत तिनंच सांगितलं. प्रसादनं तुझं लिहिलं, त्यानं तर त्याच रात्री. माझ्या नावाच्या दोन. एक तुझी."

"आणि दुसरी?"

त्यांनी चकलीचा तुकडा मोडला. "माझी."

बाहेर बर्फ काढणारी गाडी खरवडत गेली. मी चकल्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मग तसं सरळ सांगायचं ना, मी जातो म्हणून."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? अर्ध्या तासात पिशवी भरून दारात उभी राहिली असतीस. वर थँक यू म्हणाली असतीस." ते खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिले. "मला धाकधूक एकच होती, की तू स्वतःचंच नाव लिहिशील. मग तीन-एक झालं असतं आणि मलाही काही करता आलं नसतं. प्रसादनं दुसऱ्यांदा 'सुधीर' वाचलं ना, तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, ही पोरगी टिकेल इथे."

माझं 'फिटलं' टेबलावर, वह्यांच्या मध्ये, कुठंतरी पडलं आणि मी ते उचललं नाही. आप्पा म्हणाले होते, लिहिणाऱ्या हाताला पाप असतं. असेल. पण त्या डब्यात दोन हातांनी एकच नाव टाकलं होतं, आणि दुसरा हात ज्याचं नाव त्याचाच होता, हे आप्पांना आज फोन करून सांगायला हवं. त्यांच्या खुर्च्यांच्या हिशोबात हे राज्य कुठं बसतं, ते त्यांनाच विचारावं. मला तर इतक्या वर्षांत, इतक्या वह्यांत, असं एकही शहर सापडलेलं नाही.

दादांनी दोन्ही कप उचलले. चहाचं पातेलं, गाळणी, चकल्यांची ताटली, सगळं सिंकमध्ये नेलं आणि स्वेटरच्या बाह्या वर केल्या.

"अहो, ठेवा ते, मी करते," मी अर्धी उठले.

"मंगळवार आहे," ते पाठमोरेच म्हणाले. "भांडी सुधीर."

नळ सुरू झाला. मी पुन्हा बसले. पुढची निळी वही ओढली, लाल पेन झटकून पाहिलं. तोंडाशी आलेले दोन शब्द मी आवरले, आणि त्यांना भांडी घासू दिली.